घाला गाडीत!

आमच्या बेळगावच्या सीमाभागात हत्तरगीचा टोलनाका असो, वंटमुरीचा घाट असो की खानापूर-लोंढा रस्ता, अपघाताचा आवाज झाला की पाच मिनिटांत पंचवीस माणसं गोळा होतात. कुणी ऊसतोड थांबवून येतं, कुणी टपरीवरचा चहा तसाच ठेवून. आणि त्या गर्दीतून पहिली आरोळी उठते ती ठरलेली : "बघताय काय, उचला! घाला गाडीत!"

ही आरोळी मायेपोटी येते. तिच्यामागं अनुभवही आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, कणकुंबीहून बेळगाव त्याहून लांब, वाटेत घाट आणि जंगल. अॅम्ब्युलन्सचा भरवसा नव्हता तेव्हा टेम्पो, जीप आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनंच आपली माणसं दवाखान्यापर्यंत पोचवली. त्यामुळं गाडीत घालणं म्हणजेच मदत, हे मनात पक्कं बसलंय. पण साप चावला असेल तर वेळ न दवडता गाडी काढायची असते, रक्त वाहत असेल तर आधी रक्त थांबवायचं असतं, आणि हृदय बंद पडलं असेल तर गाडीचं नावही काढायचं नसतं. कुठं गाडी आधी आणि कुठं हात आधी, हे त्या पंचवीसांतल्या एकाला तरी ठाऊक पाहिजे.

सगळ्यात कमी वेळ असतो तो हृदय बंद पडलेल्याकडं. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की चार ते सहा मिनिटांत त्याच्या पेशी मरायला लागतात. कुणी छाती दाबायला घेतली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकलेली अॅम्ब्युलन्ससुद्धा या हिशेबात बसत नाही, मग जांबोटीच्या पुढच्या वाडीचं काय! ती पहिली मिनिटं तिथं उभ्या असलेल्या माणसांचीच.

ओळखायचं असं. खांदे जोरात थोपटा, मोठ्यानं हाक मारा. हालचाल नाही, उत्तर नाही, तर छाती आणि पोट वर-खाली होतंय का ते बघा. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला बोटाखाली स्वतःचीच नाडी लागते. मोठी फसगत होते ती आचक्यांमुळं. हृदय थांबल्यावर सुरुवातीची काही मिनिटं पुष्कळांना आचके येतात. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडतं, घशातून घरघर निघते, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आचका. गर्दी म्हणते, "श्वास चालू हाय, हात लावू नका." तो श्वास नव्हे. कधी सुरुवातीला अंगाला झटके येतात आणि सगळे फीट समजून हातात किल्ली द्यायला धावतात. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की छाती दाबायला लागा. हृदय चालू असलेल्या माणसाची छाती चुकून दाबली गेली तर फारसं बिघडत नाही; बंद पडलेल्याची दाबायची राहिली तर तो गेलाच.

कॉटवर किंवा गादीवर दाबून उपयोग नाही, सगळा जोर गादीत जिरतो. माणसाला फरशीवर, जमिनीवर, रस्त्यावर उताणं घ्या. बाजूला गुडघे टेकून बसा. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, बोटं एकमेकांत गुंतवलेली. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती प्रत्येक वेळी पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत. मोठ्यानं मोजा, म्हणजे वेग सुटत नाही. आणि प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्या. हृदयात रक्त भरतं ते याच वेळी. हातांचा भार छातीवर तसाच ठेवला तर पुढच्या दाबाला ढकलायला आत रक्तच नसतं.

नवखा माणूस भीतीनं वरवर दाबतो, किंवा घाईनं फार भराभर. दोन्हींत रक्त पुढं सरकत नाही. फासळी कडकन वाजली की बरेच जण हात काढून घेतात. काढू नका. मोडलेली फासळी पुढं भरून येते. दुसरं म्हणजे दमणूक. मिनिट-दोन मिनिटांत दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला, आणि बदलताना पाच सेकंदांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. इथं गर्दी सोन्याची. धडधाकट चार-पाच जणांची रांग लावली की अर्धा तास दाबता येतं. शिकलेला असेल त्यानं तीस दाबांमागं तोंडानं दोन श्वास द्यावेत. नसेल त्यानं नुसतं दाबत राहावं.

टेम्पोच्या हौद्यात हे जमत नाही. वळणावर दाबणारा कलंडतो, खड्ड्यात हात सुटतो, रिक्षात तर कोपर ताठ करायलाही जागा नसते. म्हणून आहे तिथंच दाबायचं, अॅम्ब्युलन्सची माणसं येऊन ताबा घेईपर्यंत. अॅम्ब्युलन्स येणारच नाही असं फोनवर स्पष्ट कळलं, तरच सपाट हौद्याची गाडी घ्या, फळी टाका, दाबणारे तिघं-चौघं बरोबर घ्या आणि वाटेतही हात थांबवू नका. आणखी एक. छाती दाबण्याला डॉक्टर सीपीआर म्हणतात, पण मदतीला बोलावताना "सीपीआर, सीपीआर" असं ओरडू नका. निपाणी-चिकोडीकडं सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. कुणीतरी गाडीच चालू करील. "छाती दाबा" म्हणा.

हृदय बंद पडण्याआधी कित्येकदा इशारा मिळतो आणि तो सोड्यात बुडवला जातो. छातीवर ओझं ठेवल्यासारखं, घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणं, वयस्क बायकांत आणि मधुमेहींत नुसता दम आणि मळमळ. "गॅस झालाय" म्हणून तासभर घालवू नका. चालवू नका, जिना चढवू नका, स्वतःच्या मोटरसायकलवर तर धाडूच नका. शुद्धीवर असेल, ॲस्पिरिनची अॅलर्जी नसेल आणि कुठं रक्तस्राव नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. शेजारच्या आजोबांची जिभेखालची गोळी देऊ नका. रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

गर्दीचं दुखणं असं की प्रत्येकाला वाटतं फोन कुणीतरी केलाच असेल. हवेत "कुणीतरी फोन करा" म्हणालात तर कुणीच करत नाही. बोट दाखवून, माणूस नेमून सांगायचं : "निळ्या शर्टातले अण्णा, तुम्ही १०८ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा. मामा, तुम्ही गावच्या कमानीपाशी थांबा, गाडी पुढं जाऊ देऊ नका. अक्का, तुमचा पदर नको, एखादा धुतलेला पंचा आणा. तुम्ही दोघं मागून येणाऱ्या गाड्या थांबवा." कमानीपाशी माणूस उभा करणं किरकोळ वाटतं, पण रात्री अनोळखी गावात शिरलेली अॅम्ब्युलन्स गल्लीबोळांत फिरत राहते. हायवेवर मागून येणाऱ्या ट्रककडून दुसरा अपघात व्हायची भीती फार. ऊसाच्या हंगामात मागं दिवा नसलेली जोडट्रॉली आणि तिच्यावर आदळलेली दुचाकी हे चित्र चिकोडी-रायबागकडं कुणाला नवं नाही. आपली गाडी थोडी मागं, इंडिकेटर चालू ठेवून लावा. झाडाच्या फांद्या टाकल्यात तर नंतर उचला.

फोन १०८ किंवा ११२ ला. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर मोबाइल कधी पलीकडचा टॉवर धरतो, आणि १०८ हा नंबर दोन्ही राज्यांत आहे. म्हणून गावाच्या नावानं सुरुवात करू नका; आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव, आणि शेवटी खूण : देऊळ, कारखाना, किलोमीटरचा दगड. समोरचा माणूस कन्नडमध्ये बोलला तर गडबडू नका. अपघात आणि रक्त हे शब्द त्यालाही कळतात. "एच्चर इल्ला" म्हणजे शुद्ध नाही, "उसिराट इल्ला" म्हणजे श्वास नाही, "हावु कच्चिदे" म्हणजे साप चावलाय. एवढ्यावर काम भागतं. पलीकडून सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.

आता रक्त. कोयता मांडीत घुसतो, कडबा कापायच्या मशीनमध्ये हात जातो, ट्रॉलीचं चाक पायावरून जातं. मोठ्या माणसाच्या अंगात जेमतेम पाच लिटर रक्त. मांडीची मुख्य धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ संपतो. इथं गाडी बोलवायला एकजण पुरे, बाकी सगळं लक्ष जखमेवर. पंचा घडी घालून थेट रक्त येतं त्या जागेवर ठेवा आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. जखम खोल असेल तर कापड आत बोटानं कोंबा आणि मग दाबा. दहा मिनिटं सलग. मधे उचलून बघू नका. धरत आलेली गुठळी तेवढ्यानं निघते. कापड भिजलं तर पहिलं न काढता दुसरं वर ठेवा, पण आधी बघा, दाब बरोबर जागेवर आहे ना. हळद, तंबाखू, कॉफीपूड, माती काही भरू नका. रुतलेली सळई किंवा काच उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

हातापायाचं रक्त एवढं करूनही उसळत राहिलं, तर आवळपट्टी. पंचाची चारेक सेंटीमीटर रुंद पट्टी, जखमेच्या वर पाच ते सात सेंटीमीटरवर, सांध्यावर नव्हे. एक गाठ, त्यावर ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधला पाना किंवा मजबूत काठी, वर दुसरी गाठ, आणि रक्त थांबेपर्यंत पीळ द्या. मग पाना बांधून टाका. सुतळी, तार, बारीक दोरी वापरू नका. ती मांसात रुतते आणि धमनी उघडीच राहते. अर्धवट आवळणं तर न आवळण्यापेक्षा वाईट, कारण आत जाणारं रक्त चालू राहतं आणि परतीचं अडतं. माणूस वेदनेनं ओरडेल. सैल करू नका. बांधल्याची वेळ पेनानं त्याच्या कपाळावर किंवा हातावर लिहा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात, ते पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या दुसऱ्या पिशवीत. बर्फाला बोट थेट लागलं तर ते जोडण्याजोगं राहत नाही.

रक्त थांबल्यावर उचलायची वेळ येते, आणि इथं आपल्या हातून नकळत फार वाईट घडतं. बगलेत आणि गुडघ्याखाली हात घालून, कमरेत मोडून, रिक्षात कोंबलेला बेशुद्ध माणूस. हनुवटी छातीला टेकते, जीभ मागं पडते, नाकातोंडातलं रक्त घशात साचतं. कित्येकदा डोक्याचा मार जिवावरचा नसतो, पण माणूस दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत गुदमरून गेलेला असतो. अॅम्ब्युलन्स येणार असेल आणि जागा सुरक्षित असेल तर त्याला तिथंच राहू द्या, एकानं दोन्ही हातांनी डोकं सरळ धरून ठेवावं. ओकारी येत असेल, तोंडात रक्त असेल, तर डोकं, मान आणि धड एकाच रेषेत ठेवून चौघांनी मिळून कुशीवर वळवा. आगीमुळं किंवा दुसऱ्या कारणानं हलवणं भागच असेल, तर दार, फळी किंवा ताणून धरलेली चादर, आणि गाडी सपाट हौद्याची. हेल्मेट श्वास अडत असेल तरच काढा : एकानं खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्यानं पट्टा सोडून हळू ओढायचं. आणि पाणी पाजू नका. "पाणी, पाणी" ही गर्दीची दुसरी आरोळी. बेशुद्धाच्या घशात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं, आणि शुद्धीवरच्याला ऑपरेशन लागलं तर भरलेलं पोट भुलीच्या वेळी घात करतं.

साप चावला तर मात्र खरोखरच घाला गाडीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं. म्हणून साप शोधायचा नाही, मारायचा नाही, पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचा नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, काळा दोरा आधी काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय बांबूची काठी बांधून स्थिर करा, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. चालवू नका. जीप नसेल तर मोटरसायकल, चालवणारा पुढं, माणूस मधे, धरणारा मागं. वाडीतून रस्त्यापर्यंत खाटेवर उचलून आणा.

रक्तासाठी सांगितलेली आवळपट्टी इथं बांधू नका. घोणस आणि फुरशाचं विष चावलेल्या जागेचं मांस सडवतं. आवळून तेच विष तिथं कोंडलं तर पाय जायची वेळ येते, आणि दवाखान्यात पट्टी सोडली की साठलेलं सगळं एकदम अंगात धावतं. ब्लेडनं चिरणंही तसंच घातक, कारण या दोन्ही सापांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. चोखून विष निघत नाही. मांत्रिकाकडं, देवळात, झाडपाल्याच्या औषधाला जो तास जातो तो परत मिळत नाही. पुष्कळदा साप बिनविषारी असतो किंवा चावताना विष सोडत नाही, आणि तो माणूस बरा झाल्याचं श्रेय मंत्राला जातं. पुढच्या खऱ्या दंशाला गाव पुन्हा तिथंच जातं. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, कारण औषध तालुक्याला असतं आणि माणूस पारावर मरतो.

मण्यारीचं विशेष सांगायला हवं. पावसाळ्यात घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, ओकारी होते, मग पापण्या मिटायला लागतात, बोबडी वळते, लाळ गिळता येत नाही. खानापूरच्या भातपट्ट्यात पावसाळ्यातल्या पहाटे कुणाच्या पापण्या अशा जड झाल्या तर साप समजूनच निघा. नाग आणि मण्यार श्वासाचे स्नायू लुळे करतात, हृदय मात्र चालूच असतं. वाटेत श्वास थांबला तर डोकं मागं करून, हनुवटी उचलून, नाक दाबून दर सहा सेकंदांना तोंडानं एक श्वास द्या, छाती वर येईल एवढाच. दवाखान्यात पोचेपर्यंत देत राहिलात तर तो माणूस वाचू शकतो. तिथं व्हेंटिलेटर तेच काम पुढं चालवतो. मोठ्या नावाच्या दवाखान्यासाठी शंभर किलोमीटर धावू नका. फोन करून विचारा, इंजेक्शन आहे का. जवळच्या तालुका रुग्णालयात ते असेल तर पहिला डोस तिथंच घ्या, पुढं नंतर जा. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात प्रत्येक सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं आहे. अशा नोंदींवरूनच कुठं किती औषध लागतं ते ठरवता येतं.

विहीर, खाण, हिडकलचा कालवा, विसर्जनाचा तलाव. बुडणाऱ्याकडं उडी टाकू नका. तो वाचवणाऱ्याला धरून खाली नेतो. लांब बांबू, दोरीला बांधलेली रिकामी घागर किंवा झाकण लावलेला कॅन, ट्रॅक्टरची ट्यूब फेका. बाहेर काढल्यावर पाय धरून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं बंद करा. पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं जातात. बुडालेल्याला हवा हवी असते, म्हणून इथं आधी तोंडानं श्वास, सुरुवातीला पाच, आणि मग तीस दाब, दोन श्वास. लहान मुलांनाही हेच. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस वरून हाक मारूनही बोलत नसेल तर दुसऱ्यानं उतरू नये. तळाला साचलेला वायू दुसऱ्यालाही तसाच पाडतो.

पंपसेटच्या करंटला चिकटलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. वळवाच्या पावसात तुटून पडलेली अकरा हजारांची तार असेल तर कोरडी काठीसुद्धा चालत नाही. दहा मीटर लांब राहा आणि हेस्कॉम या वीज कंपनीला १९१२ वर फोन करून वीज बंद झाल्याची खात्री करून घ्या. मग शुद्ध-श्वास नसेल तर छाती दाबा.

"नंतर पोलीस-कोर्ट मागं लागलं तर?" हा प्रश्न अजून ऐकू येतो, आणि तो रास्तही होता. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. कर्नाटकाचा तर याबाबत स्वतःचा वेगळा कायदा आहे. जखमीला पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखाना त्याला थांबवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडं पैसे मागू शकत नाही, आणि साक्ष द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला, योजनेतल्या दवाखान्यात, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मोफत मिळतात. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २५,००० रुपयांचं बक्षीसही देतं.

अॅम्ब्युलन्स आली की बाजूला होताना तीन गोष्टी सांगा : किती वाजता घडलं, तुम्ही काय काय केलं, आणि मधे शुद्ध-श्वास बदलला का. आवळपट्टीची वेळ, छाती दाबायला सुरुवात केल्याची वेळ, खाल्लेल्या गोळ्यांचं पाकीट. मग स्वतःकडं बघा. हात साबणानं चांगले धुवा. हातमोजे नसतील तर रक्ताला हात लावताना प्लास्टिकची पिशवी चालते. कुणाचं रक्त तुमच्या डोळ्यात, तोंडात किंवा उघड्या जखमेत गेलं असेल तर ती जागा भरपूर पाण्यानं धुऊन त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात दाखवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी उपयोगी पडतात. पुढचे काही दिवस झोप लागली नाही, तो चेहरा डोळ्यांसमोर आला, तर घरात बोला. फार त्रास झाला तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.